वहिनींच्या हातचा टॉवेल

त्या वर्कशॉपमध्ये सगळेच तिला वहिनी म्हणत. मालक म्हणायचा, काचा पुसणारी बाई म्हणायची, साबणाचे कॅन घेऊन येणारा टेम्पोवालासुद्धा म्हणायचा. खरं तर ती तिथे एकाचीच वहिनी होती, पॉलिशचं काम करणाऱ्या तिच्या धाकट्या दिराची. पण तो दिवसातून पन्नास वेळा पुढच्या शेडमधून हाक मारायचा. "वहिनी, बोनेटला दोन द्या!" "वहिनी, काचेचे संपले!" ते ऐकून ऐकून तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

नवरा गेला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. सहा महिने ती घरात नुसती बसून होती. मग एके सकाळी दीर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भिंतींशी किती बोलणार? त्या काही उत्तर द्यायच्या नाहीत. चला माझ्याबरोबर. काम किचकट आहे, पण तुमच्या स्वभावाचं आहे."

काम टॉवेलांचं होतं. त्या वर्कशॉपमध्ये गाड्या नुसत्या धुतल्या जात नसत, उजळवल्या जात. रंगावरचे बारीक ओरखडे मशिनने काढायचे, पॉलिश करायचं, वर मेण चढवायचं, आणि प्रत्येक पायरीला मऊ मायक्रोफायबरच्या टॉवेलाने पुसायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे टॉवेल वापरून मागच्या खोलीत यायचे. ते वेगळे करायचे, धुवायचे, वाळवायचे, तपासायचे आणि घडी घालून परत पुढे द्यायचे. मागच्या खोलीत दोन वॉशिंग मशिन होती, एक ड्रायर होता, खिडकीखाली एक लांब टेबल होतं आणि झाकणांचे तीन डबे. निळा डबा गाडीच्या रंगावर फिरवायच्या टॉवेलांचा, पिवळा काचेच्या, काळा चाकांच्या. काळ्या डब्यातला टॉवेल निळ्यात गेला की दीर कपाळाला हात लावायचा.

"वहिनी, पॉलिश मी कितीही जीव ओतून केलं, तरी शेवटचा हात टॉवेलाचा असतो," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "यात वाळूचा एक कण राहिला ना, की तीन दिवसांचं काम पाण्यात."

मग त्याने सगळं समजावलं. पावडरचा साबण नको, तिचे कण विरघळायचे राहतात. पातळ साबण, तोही बेताचा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध तर चुकूनही नको, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी प्यायचा थांबतो. सुती कपड्यांबरोबर टाकायचा नाही, सुताची लव धरतो. फार गरम वाळवायचा नाही, धाग्यांची टोकं वितळून कडक होतात. आणि जमिनीवर पडलेला टॉवेल उचलून परत रंगावर लावायचा नाही, मग तो कितीही नवा असो. "जमिनीवर पडला की तो चाकांचा झाला. त्याची बढती संपली."

ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल.

तपासणं मात्र कुणी शिकवून येत नाही. ड्रायरमधून निघालेला प्रत्येक टॉवेल ती टेबलावर पसरायची आणि दोन्ही हातांची बोटं वरपासून खालपर्यंत फिरवायची, मग उलटा करून पुन्हा. काही लागलं की चिमट्याने उपटून काढायचं. सुरुवातीला दिराने तिची परीक्षा घेतली. पाच टॉवेल ठेवले, एकात वाळूचा एकच कण दडवला आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. चौथ्या टॉवेलावर तिची बोटं थांबली. तिने कण काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"बोटांना डोळे आहेत तुमच्या," तो म्हणाला.

ते शब्द तिने जपले. बोटांच्या टोकांची कातडी खरखरीत झाली की मायक्रोफायबर तिला अडकतो आणि कण कळत नाही, म्हणून ती संध्याकाळी घरी गेल्यावर हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. घरची भांडी हातमोजे घालून घासायची. शेजारीण चेष्टा करायची, "राणीसरकारांचे हात!" पण तिला वाईट वाटायचं नाही. कुणीतरी आपल्या हातांवर विसंबून आहे, एवढं तिला पुरे होतं.

अशी अकरा वर्षं गेली. दिराचं नाव झालं. त्याने उजळवलेल्या दारात स्वतःच्या मिशा कातरता येतील, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे आणि 'तेच करणार ना?' असं विचारून खात्री करायचे. तो मात्र कौतुक झालं की मागच्या खोलीकडे बोट दाखवायचा. "अर्धं श्रेय तिकडचं आहे."

तिला साखरेचा आजार होता, आठ-नऊ वर्षांपासून. गोळ्या घ्यायची, कधी विसरायची. शेवटच्या वर्षी बोटांना मुंग्या यायला लागल्या. तिला वाटलं, दिवसभर ओल्यात हात असतात, होणारच. मग मुंग्या थांबल्या, आणि तिला वाटलं, बरं झालं. कपाचा कान हातातून निसटायचा, कपड्यांची बटणं लवकर लागायची नाहीत. वय झालं, असं ती स्वतःलाच सांगायची. टॉवेल ती रोजच्यासारखीच तपासत होती. बोटं वरपासून खालपर्यंत फिरत होती. हल्ली कण कमी सापडतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. त्याचं कारण तिने नव्या साबणाला देऊन टाकलं.

त्याच सुमारास ती काळी गाडी आली.

गाडी जुनी होती, एका निवृत्त वैमानिकाची. चाळीस वर्षं त्याने ती सांभाळली होती. काळा रंग, तोही जुन्या पद्धतीचा, मऊ. अशा रंगावर नुसतं बोट फिरवलं तरी रेघ उठते. दिराने चार दिवस त्या गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्याने मेणाचा शेवटचा थर पुसला. शेडमधल्या दिव्यांखाली गाडी अशी दिसत होती, की तिच्यात छताचे पत्रे मोजता यावेत.

वैमानिक आला. गाडी बाहेर उन्हात काढली. आणि बोनेटवर, अगदी मधोमध, तीन बारीक वर्तुळाकार रेघा उन्हात लखलखल्या. हात गोल फिरवताना टॉवेलाखाली काहीतरी फिरलं होतं.

मागच्या खोलीतून वहिनीही बाहेर येऊन उभी राहिली होती. मालकाचा चेहरा उतरला. "कशानं झालं हे? टॉवेल बघ. टॉवेलात काही होतं का?"

वापरलेला टॉवेल तोवर डब्यात इतरांमध्ये गेला होता. पण दिराने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "टॉवेल वहिनींच्या हातचा होता," तो म्हणाला. "त्यात काही निघणार नाही. चूक माझीच असणार. बोनेटवर आधी धूळ राहिली असेल, मी नीट पाहिलं नसेल."

खरं सांगायचं तर, त्या क्षणी वहिनीला बरं वाटलं. इतक्या माणसांसमोर त्याने तिच्या कामाची ग्वाही दिली होती. दिराबद्दल वाईट वाटत होतं, पण त्याच्या मागोमाग तो एक सुखाचा शहारा आला होताच. पुढे कितीतरी दिवस तिला आठवत राहिला तो हाच क्षण.

वैमानिक रागावला नाही. बोनेटवर वाकून त्याने रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "असू द्या. माणसाचा हात आहे." तो ओरडला असता तर दिराने ते सोसलं असतं. त्या दोन शब्दांनी तो मोडला.

त्याने ते बोनेट पुन्हा केलं, बिनचूक केलं. पण त्यानंतर त्याचं काही खरं राहिलं नाही. गाडीभोवती तो दिवा घेऊन तासन्‌तास फिरायचा. पुसलेलं पुन्हा पुसायचा. टॉवेल टेकवण्याआधी हात हवेतच थांबायचा. दोन महिन्यांनी एका दाराच्या कडेवर त्याने मशिन जरा जास्त वेळ धरलं आणि रंग जळून खालचा पत्रा दिसला. अशी चूक नवशिक्याच्या हातूनही सहसा होत नाही. मालकाने त्याला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. पाचव्या दिवशी तो आला, आपला ॲप्रन घडी घालून मालकाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "माझा हात गेला, मालक. तुमचं नाव खराब व्हायला नको."

मालकाने अडवलं, पण फार नाही.

एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये त्याला काम मिळालं. येणाऱ्या गाडीला चिठ्ठी द्यायची, जाणाऱ्याची घ्यायची. पत्र्याच्या छोट्या खोक्यात खुर्ची. जाऊबाई एके दिवशी वहिनीकडे येऊन रडली. "ताई, घरी एक शब्द बोलत नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत बसतात. तुमचं ऐकतात ते, तुम्ही समजवा ना."

वहिनी गेली, बसली, बोलली. "चूक कुणाकडून होत नाही, भाऊजी?" तो मान हलवत राहिला. तिने त्याला सगळं सांगितलं, फक्त जे तिलाच माहीत नव्हतं तेवढं सोडून.

ते कळलं महिनाभराने, एका मंगळवारी सकाळी. ड्रायरचं दार उघडून ती टॉवेल काढत होती. कसलासा जळका वास आला. तिला वाटलं, टॉवेल जळतोय. ती एकेक उचलून हुंगत होती. काचा पुसणारी धावत आली आणि किंचाळली, "वहिनी, हात! हात काढा!" तिच्या डाव्या हाताची तीन बोटं ड्रायरच्या तापलेल्या कडेवर टेकलेली होती. कातडी पांढरी पडली होती. तिला काहीही दुखत नव्हतं.

डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि मग तिला डोळे मिटून हात पुढे करायला सांगितलं. "टोचलं की सांगा." ती वाट पाहत बसली. बराच वेळ गेला.

"टोचा की," ती म्हणाली.

"सात वेळा टोचलं, बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "उघडा डोळे."

उजव्या हाताच्या बोटावर रक्ताचा बारीक ठिपका होता.

साखरेने नसा मेल्या होत्या. पायांचंही तेच. डॉक्टर बरंच काही सांगत होते. रोज तळपाय तपासायचे, जखम झाली तर कळायची नाही, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाकडून पाहून घ्यायचं. तिने एवढंच विचारलं, "हे कधीपासून असेल?"

"एका दिवसात होत नाही. वर्ष झालं असेल. जास्तही असेल."

ती काळी गाडी सहा महिन्यांपूर्वी आली होती.

दवाखान्यातून ती थेट वर्कशॉपमध्ये गेली. मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. अंगणातली चिमूटभर वाळू आणली, एका टॉवेलावर टाकली, डोळे मिटले आणि पट्टी नसलेला हात फिरवला. काही नव्हतं. नुसता मऊपणाही नव्हता. कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाचा हात फिरत असल्यासारखं वाटलं. तिने डोळे उघडले. वाळू टॉवेलभर पसरली होती, आंधळ्यालाही सापडावी इतकी. तिने तो टॉवेल उचलून चाकांच्या काळ्या डब्यात टाकला.

मालकाला तिने त्याच दिवशी सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग दार लावून घेतलं. "वहिनी, आता हे उकरून काय होणार? नवा पॉलिशवाला रुळलाय. बाहेर कळलं की इथे टॉवेल असे तपासले जात होते, तर कोण गाडी देईल? तुम्ही घड्या घाला, तपासायला दुसरी बाई ठेवतो."

"त्यांना तरी सांगा ना. चूक त्यांची नव्हती म्हणून."

"तुम्हीच सांगा. तुमचं माणूस आहे."

रविवारी सकाळी ती दिराच्या घरी गेली. तो खिडकीपाशी बसला होता. जाऊबाई ओट्याशी होती. वहिनीने हाताची पट्टी, डॉक्टरांचा कागद, सगळं त्याच्यासमोर ठेवलं. रस्ताभर शब्द जुळवले होते, ऐनवेळी एकही कामाला आला नाही.

"भाऊजी, त्या काळ्या गाडीच्या रेघा माझ्यामुळे पडल्या. टॉवेलात कण राहिला होता. माझ्या बोटांना कळतच नव्हतं. वर्षभर कळत नव्हतं."

त्याने कागद वाचला. पट्टीकडे पाहिलं. चेहरा एकदम मऊ झाला, आणि तिला वाटलं, सुटला हा.

"किती भाजलंय," तो म्हणाला. "आणि हे घेऊन तुम्ही चालत आलात?"

"माझ्या भाजण्याचं सोडा. मी काय म्हणतेय ते ऐकलंत का?"

"ऐकलं." तो थोडंसं हसला. "वहिनी, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही काय काय कराल! हे आत्ताचं दुखणं. तेव्हा तुमची बोटं ठणठणीत होती. मला माहीत नाही का? अकरा वर्षं तुमच्या हातचा टॉवेल वापरला मी. कधी एक कण निघाला नाही."

"तेव्हाच निघाला! डॉक्टरांनी सांगितलंय, वर्ष झालं म्हणून."

"डॉक्टर अंदाज सांगतात."

"मी वाळू टाकून बघितलं, भाऊजी. चिमूटभर वाळू कळली नाही मला!" तिचा आवाज चढला. "तुमचा हात गेला नव्हता. माझा गेला होता. तुम्ही फुकट तिथे त्या खोक्यात बसलाय!"

"मग ते जळलेलं दार?" त्याने शांतपणे विचारलं. "तेही तुमच्या टॉवेलानं जाळलं?"

ते दार त्याने भीतीने जाळलं होतं आणि ती भीती तिच्या टॉवेलातून आली होती. पण हे त्याला कसं सांगायचं? ती रडायला लागली. त्याने उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलीच्या फिरवावा तसा. "पुरे आता. माझ्यासाठी स्वतःवर नाही ते आळ घेऊ नका. तुम्ही आहात म्हणून तर चाललंय माझं." आणि जाऊबाईकडे वळून म्हणाला, "चहा टाक गं. वहिनी दमल्यात."

जाऊबाईने चहा टाकला. दिला. मग डॉक्टरांचा कागद उचलून तिने दोनदा वाचला.

निघताना ती जिन्यापर्यंत सोडायला आली. पहिल्या पायरीवर थांबून तिने विचारलं, "ताई, तुम्ही म्हणालात ते खरं आहे ना?"

"खरं आहे गं. देवाशपथ."

जाऊबाई कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत काय चाललं होतं ते पाहायची वहिनीची छाती झाली नाही. जिच्यापुढे येऊन ती रडली होती, तिच्याच टॉवेलाने हे सगळं झालं होतं.

"मला कळलंच नव्हतं," वहिनी म्हणाली. "कळलं असतं तर..."

"बोटांना मुंग्या येतात, असं तुम्ही मला मागच्या वर्षी म्हणाला होतात. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन या. तुम्ही म्हणालात, पाण्याने होतं."

वहिनीला ते आठवलं.

"मी पुन्हा सांगेन त्यांना," ती म्हणाली. "रोज येऊन सांगेन. कधीतरी पटेल."

"नको." जाऊबाईचा आवाज कोरडा होता. "आता सांगू नका. स्वतःवरचा विश्वास त्यांचा गेलाच आहे. तुमच्यावरचा तेवढा उरलाय. तोही घालवलात, तर मी कुणाला घेऊन बसू?"

ती वर निघून गेली. वहिनी जिना उतरली. प्रत्येक पायरी पायाला लागली की नाही, हे तिला खाली बघून ठरवावं लागत होतं.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. वर्कशॉपमध्ये नवी बाई आली, हुशार होती. वहिनीने तिला सगळं शिकवलं, साबणापासून चिमट्यापर्यंत, आणि हेही बजावलं की बोटांना जरा काही झालं तर त्याच दिवशी बोलायचं, लाजायचं नाही. महिना झाल्यावर तिने काम सोडलं. मालकाने थांबायचा आग्रह केला. घड्या घालायला बोटांना काही कळावं लागत नाही, असं तो म्हणाला. ती म्हणाली, मला कळावं लागतं.

दिराने पॉलिशचं मशिन पुन्हा हातात घेतलं नाही. वैमानिक एकदा त्या पार्किंगमध्ये आला होता म्हणे, तीच काळी गाडी घेऊन. त्याने ओळखलं, काच खाली केली, कसे आहात म्हणून विचारलं. दिराने चिठ्ठी दिली आणि गाडी लांब कोपऱ्यात, सावलीत लावायला सांगितलं. एवढंच. हे त्यानेच वहिनीला सांगितलं, आणि सांगताना खिडकीबाहेर बघत होता.

दर रविवारी तो तिच्याकडे येतो. डॉक्टरांचा तो कागद त्याने नीट वाचला होता. तळपाय दुसऱ्याने पाहायचे, हे त्याच्या लक्षात राहिलं. ती नको नको म्हणते, दिराने पायांना हात लावायचा म्हणून लाजते, पण तो ऐकत नाही. तिला खिडकीशी बसवतो, पाय स्टुलावर ठेवायला लावतो, चष्मा चढवतो आणि एकेक बोट, टाच, कड पाहतो. परवा त्याला डाव्या टाचेला बारीक चीर दिसली. तिला पत्ताच नव्हता. त्याने ती धुतली, औषध लावलं.

"हिला आणायला हवं होतं," तो म्हणाला, "बायकांना हे जास्त नीट जमतं. पण तिला हल्ली रविवारी काहीतरी निघतंच."

"असू दे," वहिनी म्हणाली. "घरात काय कमी काम असतं?"

"हो ना," तो म्हणाला, आणि दुसरा पाय हातात घेतला.